झोपवलेली फळं

आम्ही कामाला असतो ते सफरचंदांचं अख्खं कोठार आमच्या धाकट्याला भोंगा म्हणतं. आतून हाक मारली तरी फाटकाबाहेरचा ट्रकवाला दचकायचा. मी त्याची थोरली बहीण, तिथेच फळं निवडायच्या पट्ट्यावर असते, आणि तोंडाने मीही काही कमी नाही. पण या वर्षी भोंगा बसला. आधी खोकला, मग बारीक ताप, मग थुंकीत रक्त. तपासलं तर टीबी.

डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडात धरला. उजवीकडे वरच्या बाजूला एक काळं वर्तुळ होतं. जंतूंनी खाल्लं का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, एकट्या जंतूंनी नाही. जंतूंभोवती गाठ धरते, तिच्या आत प्राणवायू पोचत नाही. जंतू तिथे मरत नाहीत, झोपून राहतात. आपल्याच पेशी मात्र कासावीस होतात आणि असा काही रस सोडतात की फुप्फुसाचा सांगाडा विरघळायला लागतो. त्यातूनच असं भोक पडतं. गोळ्या चुकवू नकोस, मोकळ्या हवेत बस, असं त्यांनी पुन्हा पुन्हा बजावलं.

भोंग्याने त्यातलं एवढंच उचललं, की प्राणवायू नसला की जंतू झोपतात.

त्याचंही काय चुकलं म्हणा. आमच्या कोठारात सफरचंदं खोलीत भरतात, दार घट्ट लावतात आणि यंत्राने आतला प्राणवायू जवळजवळ सगळा काढून घेतात. फळ झोपतं. पिकत नाही, कुजत नाही. कित्येक महिन्यांनी काढा, ताजंच्या ताजं. तिथे उमर काढलेल्या माणसाला झोपणं म्हणजे वाचणंच वाटतं. दुसऱ्या कुणाच्या डोक्यात हे खूळ शिरलं नसतं.

गोळ्यांनी संसर्गाची भीती टळल्यावर त्याने हलकं काम मागून घेतलं. दुपारी जेवायला मात्र दिसेना. मी विचारलं की म्हणायचा, बाहेर मोकळ्या हवेत बसतो. मला मेलीला बरंच वाटलं. पण जिना चढताना तो आता मध्येच थांबायचा, आणि नखं निळसर दिसायची.

माल काढायच्या दिवसांत रोज एखादी खोली हवा भरायला किलकिली करतात; त्या दुपारी चार नंबरची होती. दारावरचा दिवा हिरवा होईपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही, हे आमच्याकडे झाडूवाल्यालाही पाठ. दिवा लालच होता, आणि खुंटीवर भोंग्याची टोपी लटकत होती.

मी दार सताड उघडलं. तो उंबऱ्याच्या आतच क्रेटवर भिंतीला टेकून बसला होता. डोळे मिटलेले, ओठ जांभळे, चेहरा मात्र कसा शांत. श्वास कोंडून धरला, कॉलर पकडली आणि फरफटत बाहेर ओढला. पंख्यासमोर बसवला, तेव्हा कुठे त्याने डोळे उघडले. मग त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, म्हणजे माझ्याही.

"ताई, ओरडू नकोस," तो म्हणाला. त्याचा आवाज हाताच्या अंतरावरही धड ऐकू येत नव्हता. "ते झोपावेत म्हणून रोज बसतो थोडा वेळ."

रोज. दिवा लाल असताना. मला रडू कोसळलं, आणि रडू आलं की माझा राग दुप्पट होतो. पट्ट्यावरच्या बाद मालाच्या पेटीतून मी एक सफरचंद उचललं. लालबुंद, तुकतुकीत, कुणीही दाम मोजून घेईल असं; हाताला हलकं लागलं म्हणूनच बाद केलेलं. त्याच्यासमोर मधोमध कापलं. आत गर तपकिरी पडला होता आणि बियांच्या बाजूला अंगठा जाईल एवढी पोकळी होती.

"हे कशाने होतं?" मी विचारलं.

त्याला माहीत होतं. कोठारात सगळ्यांना माहीत असतं. प्राणवायू मर्यादेपेक्षा कमी झाला की फळ बाहेरून तसंच राहतं आणि आतून स्वतःलाच नासवतं. कीड लागत नाही, कुणी चावत नाही.

"बाईंनी हेच सांगितलं होतं, गाढवा. जंतू झोपले असतील. तू जागा आहेस ना?"

त्याने ती फोड हातात घेतली. मग पोकळीत बोट घालून कडेवरून फिरवलं, आणि दुसरा हात नकळत छातीवर उजवीकडे गेला.

"ताई," तो म्हणाला, "हे भरून येतं का गं?"

असली फळं मी पट्ट्यावरून उचलून पेटीत टाकत आले आहे. कुठलंही परत पट्ट्यावर ठेवलेलं मला आठवत नाही. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.