भाऊंची मोटरसायकल आणि दसऱ्याचा हार

मित्रांनो, मी अंजूरच्या भाऊंची जुनी मोटरसायकल. प्रदर्शनात पुसूनपुसून उभ्या करतात त्या रुबाबदार गाड्यांपैकी मी नव्हे. मी शेतकऱ्याला परवडणारी, साधी गाडी. तेवढ्यामुळे माझ्यासारखीला जपायचं कोणाच्या मनात येत नाही, याचा मला राग आहे.

भाऊंच्या शेतात तेव्हा भेंडी आणि काकडी व्हायची. माल मागे बांधून आम्ही भिवंडीच्या बाजारात जायचो. परत आल्यावर त्यांच्या मुलीला, दिपालीला, टाकीवर बसवून शाळेत सोडायचो. माझ्या इंजिनाला नुसतं पेट्रोल चालत नाही, त्यात तेल मिसळावं लागतं. पंपावर भाऊ आधी तेल ओतत, मग पेट्रोल भरून घेत. तेलाची बाटली धरण्याचा मान दिपालीचा.

पुढे शेतात गोदाम उभं राहिलं, त्याचं भाडं येऊ लागलं. दारात मोठी गाडी आली आणि मी गोठ्यामागे गेले. तिथेही भाऊ येत, मला पुसत, किक मारून थोडा वेळ चालू ठेवत. या पावसाळ्यात भाऊ गेले.

दसऱ्याच्या आधी त्यांच्या मुलाला, कुणालला, माझी आठवण झाली. मित्रांना दाखवायला त्याने मला बाहेर काढलं, पंपावर टाकी भरली आणि सुसाट सोडलं. दापोड्याच्या रस्त्यावर माझं इंजिन जाम झालं. टेम्पोत घालून त्याने मला घरी आणलं आणि भंगारवाल्याला निरोप धाडला. दसऱ्याला मात्र मलाही झेंडूचा हार घातला. घरात भाऊंच्या फोटोला होता, तसाच.

सणाला आलेली दिपाली भंगारवाल्याच्या हातगाडीपाशी आडवी आली. तिने माझ्या टाकीचं झाकण उघडून वास घेतला.

“कुणाल, तेल किती घातलंस?”

“कसलं तेल?”

तिने झाकण पुन्हा लावलं.

“ताई, म्हातारी झालीय ती. चालनार न्हाय आता.”

“म्हातारी नाही झाली. तू तिला कोरडी पळवलीस.”

भंगारवाला कंटाळून म्हणाला, “दीदी, देना है कि नहीं?”

“न्हाय द्यायची,” दिपाली म्हणाली. अगदी भाऊंसारखं.

तिने माझा हार काढून ठेवला आणि हँडल धरलं. कुणालला मागून ढकलायला लावलं. भिवंडीच्या गॅरेजपर्यंत तो ढकलत आला. गॅरेजवाल्याने इंजिन उघडून पाहिलं. पिस्टन बदलला की चालेल, म्हणाला.

मित्रांनो, तुमच्याही घरामागे माझ्यासारखी कोणी उभी असेल. तिला म्हातारी ठरवण्याआधी तिला काय लागतं ते विचारून घ्या, सांगणारं माणूस आहे तोवर. हार तुम्ही वर्षातून एकदा घालता. तेल दर वेळी लागतं.