आईच्या बाजूचा स्पीकर

माझा भाऊ संघर्ष दर वर्षी आण्णांच्या पुण्यतिथीला, पुण्यानुमोदनाला, एक वाक्य म्हणतोच. "आई गायनपार्टीत नुसत्या टाळ्या वाजवायची." तेव्हा आई त्याच्याच ताटात भात वाढत असते. ती वर आमटी ओतते. मी बोलते, पण माझं कोण ऐकतंय.

आमचे वडील आण्णा, म्हणजे बाबासो, पार्टीचे मुख्य गायक. आई, सरुबाई, मागच्या रांगेत झील धरणारी. पण चढा सूर आला की तो तिच्याकडं जायचा. पुरावा म्हणजे एकच कॅसेट. तिच्यात डाव्या बाजूला आण्णांचा माईक, उजव्या बाजूला आईचा. आणि घरातल्या टेपचा उजवा स्पीकर मी शाळेत असल्यापासून मेलेला. त्यामुळं सगळ्या भावकीनं अर्धीच पार्टी ऐकली, आणि संघर्षनं तीच अर्धी मोबाईलवरनं पावण्यारावळ्यांत वाटली. कडव्याच्या शेवटी आण्णा गप्प होतात तिथं तो बोट वर करून सांगायचा, "बघा, हितं दाद घ्यायला थांबल्यात."

यंदा ठरवलं, दोन्ही बाजू वाजवायच्या. नवीन घ्यायची ऐपत नव्हती. डेक इचलकरंजीत एकाच्या माळ्यावर मिळाला, अँप्लिफायर बंद पडलेल्या लॉजच्या भंगारात, लाकडी स्पीकरांची जोडी लक्ष्मीपुरीत, रविवारच्या बाजारात. स्पीकरच्या कडेचा फोम कुजून भुगा झालेला. मोबाईलवर बघून बघून मी नवा चिकटवला, डेकचा पट्टा बदलला, तुटक्या तारांना सोल्डरिंग केलं. माझं मिरची कांडपाचं मशीन आहे. तिखटाच्या हातानं सोल्डरिंग करताना डोळा चोळला तर काय होतं, ते मात्र एकाही व्हिडिओत सांगत नाहीत.

पुण्यानुमोदनाच्या आदल्या दिवशी मी कांडपावर असताना संघर्ष दोन्ही स्पीकर उचलून घेऊन गेला. चौकात त्याच्या दोस्ताचा वाढदिवस होता. आमच्याकडं स्पीकर दिसला की लोक त्याला डॉल्बीच समजतात; छाती हादरली नाही तर त्याला आवाज म्हणायचंच नाही. सकाळी जोडी परत आली. त्यातला एक वाजेना.

"डॉल्बीवाल्याच्या मशीनला लावून बघितलं आक्का," तो म्हणाला. "दमच न्हाय त्यात. दोन गाण्यांत धूर."

"बसायच्या खोलीपुरते केलेत ते. न्यायला कुणी सांगितलं तुला?"

"घरचंच हाय म्हटलं. आजून एक हाय की. आण्णास्नी एक बास."

एक बास म्हणे. स्पीकर खोलून बघितला, आतली कॉईल काळी ठिक्कर. वाटलं, याचा मोबाईल मशीनमध्ये टाकावा आणि मिरचीबरोबर कांडावा.

दुपारी पावणं आले. वंदना झाली, जेवणं झाली. संघर्ष खुर्ची ओढून सगळ्यांच्या पुढं बसला. "लाव आक्का आण्णास्नी."

मी उरलेल्या स्पीकरची तार अँप्लिफायरच्या डावीकडनं काढली आणि उजवीकडं खोचली. कुणाला विचारलं नाही.

आधी एक खोकला. मग लांबून ढोलकी. मग आई, आत्ताच्या माझ्याहून लहान, आवाज नव्या पितळेसारखा. कडवं संपत आलं तशी आण्णांना लागलेली धाप तिच्या माईकात ऐकू आली, आणि तिनं तो सूर दमलेल्याच्या हातातली घागर घ्यावी तसा घेतला आणि वर नेला. इतकी वर्षं दाद घेत होते म्हणे.

"आण्णा कुठं गेलं?" संघर्षनं विचारलं.

"हायत की. मागं. टाळ्या वाजवायल्यात."

चुलती बायडाबाई पान जुळवत म्हणाली, "सरुचाच आवाज व्हय ह्यो. आमास्नी म्हाईत हुतं की."

"म्हाईत हुतं तर मग तोंड कुणी शिवलंतं?" मी म्हटलं. संघर्ष खाली बघत पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत राहिला.

आई स्वयंपाकघरातनं हात पुसत बाहेर आली. स्पीकरजवळ कान नेला, जरा ऐकलं, आणि माझ्यावरच डाफरली.

"एवढं बारीक का लावलंय गं? वाढव की."