ढिगावरचा मॅनेजर

मॅनेजर बरा झाला. पण हे तुमच्या कानावर आलंच नाही असं समजा, कारण अजून तो जनावरांच्या दवाखान्यात टेबलावर आडवा आहे आणि ओकाऱ्या काढतोय.

मॅनेजर हा कुत्रा. सलूनच्या दारात दिवसभर काहीही न करता बसतो, म्हणून हे पद. सलूनच्या मालकांचा त्याच्यावर भारी जीव.

खोकत खोकत त्याने शेवटी एक ओला गोळा टाकला. डॉक्टरांनी तो चिमट्याने उलगडला. काळे केस, पांढरे केस, मधेच एक लाल रंगवलेली बट.

"हे याचे नाहीत," डॉक्टर म्हणाले.

"लाल माझ्या भावाचे," मालकांची बायको म्हणाली. "माझ्या माहेरचं काहीच या घरात कुणाला पचत नाही."

गोम अशी, की मालक दिवसभर झाडू मारत नसत. कापलेल्या केसांचा ढीग काचेच्या दारापाशी रचत, समोरच्या सलूनवाल्याच्या डोळ्यांत खुपावा म्हणून. "ढीग म्हणजे धंद्याची शोभा!" मॅनेजर त्या शोभेवर झोपायचा आणि उठला की अंग चाटायचा.

"रोज विंचरा, पाणी भरपूर पाजा, आणि प्रत्येक गिऱ्हाईकामागे जमीन झाडा," डॉक्टरांनी बजावलं. "गोळा आतड्यात अडकला, तर पोट फाडावं लागेल."

मालकांनी सल्ला तंतोतंत पाळला, सोयीचा तेवढा. मॅनेजरला रोज विंचरलं आणि निघालेले केस ढिगावर टाकले. ढीग असा फुगला, की समोरचा सलूनवाला दुकान सोडून बघायला आला. मालक कृतकृत्य झाले. मॅनेजरने खाणं सोडलं.

परत दवाखाना. या खेपेला औषध पाजून गोळा मागच्या दाराने काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, "तिसऱ्यांदा आणाल तेव्हा सुरी काढीन. कोणावर, ते तेव्हा ठरवू."

घरी येताच बायकोने मालकांच्या हातात झाडू दिला. "ढीग हवा की कुत्रा? एकच काय ते सांगा."

मालकांनी ढिगाकडे पाहिलं. मग मॅनेजरकडे. मॅनेजरने कोरडी उबळ काढली. मालकांनी डोळे मिटून झाडू फिरवला.

तेव्हापासून एक डोकं भादरायचं की एकदा वाकायचं. कंबरेचा पार भुगा. वर समोरच्याने आवई उठवली, यांचा धंदा बसला. आठवडाभरात दारावर पाटी लागली:

'सर्व सन्माननीय ग्राहकांस नम्र विनंती. आरोग्यविषयक कारणास्तव यापुढे कृपया केस घरूनच कापून यावे. हुकमावरून, मॅनेजर.'