फौजी कागद

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. साहेब लोक भसाभसा आले, अन् त्यांना ऱ्हायला खोल्या न्हाईत. म्हणून दवाखान्यात नर्स असलेल्या पंचशीलानं आपल्या जागेवर भाड्याच्या दोन खोल्या बांधायचं काढलं. हे कळलं अन् तिचा थोरला भाऊ भीमा मुदखेडहून पत्र्याची पेटी घेऊन हजर. वीस वर्षं फौजेत भिंती बांधलेला गडी, पेन्शनीत बसून पार कंटाळला होता. त्याला मजुरी नको होती, काम पाहिजे होतं.

पण ठेकेदार संगप्पानं आधीच खर्चाचा कागद दिलता. एकोणीस हजार. भीमाचा कागद निघाला चौतीसचा.

"दादा, खोल्या बांधतोस का छावणी?"

"फौजेचं काम हाय. शंभर वर्षं हलायचं न्हाई."

"भाडेकरू शंभर वर्षं ऱ्हातोय व्हय? वाच."

भीमा वाचू लागला. बंदुकांची कोठडी. पहारेकऱ्याची चौकी. झेंड्याचा ओटा. वाटेच्या दोन्ही अंगानं चुना मारलेले दगड. वाचता वाचता आवाज बारीक झाला. वीस वर्षांची सवय, हात आपसूक लिहून गेलता.

पंचशीला एकेकावर पेन्सिल मारत गेली. उरले एकवीस.

"हे दोन हजार कशाचे?"

"पाण्याचे. भिंतीला चौदा दिवस पाणी पाजायचं. संगप्पाच्या कागदात पाणीच न्हाई."

ओसरीवर चहा पीत बसलेला संगप्पा हसला. "हवालदार, माणसाला टँकर मिळंना, भिंतीला कुठून पाजू? दोन दिवस शिंपडतो."

"पहिल्या पावसात पोपडे निघतील."

"पाऊस तर येऊ द्या."

पंचशीलाची पेन्सिल संगप्पाच्या एकोणीसवर आली. काम चाललं हातचं, भीमाला कळलं.

"थांब. वाळवंटात आम्ही भिंतीला ओली पोती गुंडाळायचो. चार बादल्यांत दिवस निघतो. गल्लीतलं तांदूळ-भाजी धुतल्यालं पाणी चालंल. काट दोन हजार."

संगप्पानं कप खाली ठेवला. "सिमेंटची रिकामी पोती माझ्याकडं ढीगभर हायत. फुकट घ्या. पण मला बघू द्या कसं करता ते."

"दोघांचा भाव एकच झाला," पंचशीला म्हणाली. "मग भाऊच बरा."

मग रोज सकाळी सहाला भीमाची शिट्टी. गल्लीतल्या बाया हसत बादल्या आणायच्या, अन् भिंती पोती पांघरून बसायच्या.

खोल्या झाल्या. भाडेकरू साहेब यायच्या दिवशी पंचशीला बघती तर वाटेच्या दोन्ही अंगानं पांढरेफेक दगड.

"हे मी काटलं होतं ना?"

"पेन्शनीतून केलंय," भीमा म्हणाला, अन् वाकून एक दगड बोटभर सरळ केला.