मोरीचा ढाळ

धाकट्याच्या कामाला नाव ठेवायची कुणाची टाप नव्हती. परदेशातल्या त्या बावीस मजली इमारतीत तीनशेच्या वर बाथरूम, सगळी एका साच्यातली, आणि त्यातल्या निम्म्यांची फरशी त्याच्या हातची. तपासणीस यायचा, दारात उभा राहून ग्लासभर पाणी ओतायचा. पाणी कुठंही न रेंगाळता कोपऱ्यातल्या जाळीत जायचं. तपासणीस मान हलवून पुढच्या दारात. शाबासकी वगैरे काही नाही हो! मान हलली हेच पुष्कळ. गुडघे काय म्हणतात ते तर कुणी विचारतच नव्हतं.

हे काम त्याला शिकवलं थोरल्या भावानं. वडील लवकर गेले, तेव्हा दादानं त्याला बोटाला धरून कामावर नेलं. फरशीखाली सिमेंटचा माल सारखा कसा पसरायचा, ठोकून पोकळ आवाज कसा ओळखायचा, मोरीला जाळीकडे ढाळ कसा द्यायचा, सगळं दादाचंच. ढाळ चुकला की दादा रागवायचा नाही. लावलेल्या फरशा मुकाट्यानं उचलायचा आणि म्हणायचा, "लाव परत." एकदा एकच मोरी तीनदा लावायला लावली होती. धाकटा अगदी रडकुंडीला आला होता.

तोच दादा आता दोन वर्षं घरी बसून होता. साखरेनं डोळे अधू केले, बोटं बधिर केली, मग काम कोण देणार? वहिनी जाऊन सात वर्षं झालेली. माणूस दिवसभर ओट्यावर बसून करणार काय? येणाऱ्याजाणाऱ्याला धाकट्याच्या इमारतीचे मजले सांगायचा. बावीसचे कधी कधी पंचवीस व्हायचे.

अशात आई मोरीत घसरली. खुबा मोडला, ऑपरेशन झालं, दोन महिने खाटेवर काढले. आता कुठं काठी धरून चार पावलं टाकायला लागली होती. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, पुन्हा पडल्या तर उठायच्या नाहीत. धाकट्यानं फोनवरून फर्मान काढलं: जुनी गुळगुळीत फरशी उखडा, खरखरीत घाला, ढाळ नीट द्या आणि चांगला मिस्त्री बघा.

चांगला मिस्त्री म्हणे! दादाचं टाळकंच फिरलं. "घरात दोन-दोन मिस्त्री असताना माझ्या आईची मोरी बाहेरचा माणूस करणार? लोक तोंडात शेण घालतील." थापी धुऊन घेतली, कंबर कसली आणि बसला कामाला. धाकट्याच्या बायकोनं हे फोनवर सांगितलं तेव्हा तो नको म्हणणार होता. पण दोन वर्षांनी दादा शीळ घालत होता, असंही ती म्हणाली. मग काय बोलणार?

साइटवर फोन जवळ ठेवता यायचा नाही. सकाळी फाटकावर रखवालदाराकडे जमा करायचा, संध्याकाळी परत घ्यायचा. मधले अकरा तास जग बुडालं तरी कळायचं नाही. त्या दिवशी संध्याकाळी फोन हातात आला तर बायकोचे सात मिस्ड कॉल. खोलीवर येऊन त्यानं व्हिडिओ कॉल लावला.

"अहो, हे बघा," ती हळू आवाजात म्हणाली आणि कॅमेरा मोरीकडे फिरवला. दादानं दुपारीच काम संपवलं होतं. फरशांच्या रेघा सरळ, सांधे सुरेख, बघत राहावं असं काम. मग तिनं अलगद मगभर पाणी ओतलं. पाणी क्षणभर घुटमळलं आणि जाळीकडे पाठ करून उंबऱ्याशी येऊन साचलं. अगदी तिथंच, जिथं बाहेर पडताना आईची काठी टेकणार.

धाकट्यानं फोन डोळ्यांजवळ नेला. "अगं, माल ओला आहे अजून. उद्या सकाळपर्यंत फरशा उचलता येतील. दादाला सांग आत्ताच्या आत्ता."

"मी? मी सांगू त्यांना? सकाळपासून उपाशी राबलेत. जेवायला या म्हणायचीसुद्धा भीती वाटत होती मला. तुम्ही सख्खे भाऊ, तुम्हीच सांगा बाई."

खोलीतला जोडीदार प्लंबर होता, आपल्याच बाजूचा. धाकटा जाळीभोवतीची फरशी लावायचा, जाळीखालचा पाइप हा जोडायचा. वरच्या पलंगावरून त्यानं सगळं ऐकलं. "सांगून टाक की लेका," तो म्हणाला. "मोरी मोडायचीय, सोयरीक नाही."

बरोबरच होतं त्याचं. धाकट्यानं मनाशी वाक्य जुळवलं. दादा, काम एक नंबर झालंय, फक्त उंबऱ्याकडच्या दोन ओळी जरा उचलूया. एवढंच म्हणायचं. दोनदा पुटपुटून बघितलं आणि फोन लावला.

पण दादानं त्याला तोंडच उघडू दिलं नाही. "थांब, बाहेर येतो," म्हणाला. चपलांचा आवाज आला, दार ओढल्याचा आवाज आला.

"ऐक," दादा म्हणाला, "तुझ्या बायकोनं पाणी ओतून दाखवलं ना तुला? मला ऐकू आलं मगाशी. घरात दोघी छान छान म्हणतात, पण त्यांना काय कळतंय? मला ओल आणि चकाकी आता एकच दिसते रे. हात फिरवून बघितला, तर बोटांना कळत नाही. लेव्हलमधला बुडबुडा दिसून तर वर्ष झालं. कुणाला बोललो नाही. तुलाच सांगतोय." मग खाकरून म्हणाला, "तू मिस्त्री आहेस. तू म्हणशील ते खरं. ढाळ बरोबर आहे ना?"

आता याहून सोपं काय असतं? समोरचा माणूस स्वतः विचारतोय. हो की नाही, एवढंच सांगायचं. आणि ज्या माणसानं एक मोरी तीनदा लावायला लावली, त्यालाच नाही म्हणणं धाकट्याला जमेना. डोळ्यांपुढे आई नव्हती तेव्हा, दादा होता. अंधुक डोळ्यांनी फरशीवर हात फिरवणारा दादा.

"बरोबर आहे, दादा," तो म्हणाला. "मस्त झालंय."

"खरं?"

"तुझ्या हातचं काम. त्यात काय बघायचं?"

पलीकडे दादा हसला. हसता हसता नाक ओढलं त्यानं. "मग झालं," म्हणाला. "जेवतो आता."

वरच्या पलंगावरून प्लंबरनं खाली डोकावून बघितलं आणि कूस बदलली. धाकट्याला आपल्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. सकाळी उठून दादाला खरं सांगायचं, असं त्यानं ठरवलं. सकाळी बस चुकता चुकता मिळाली, फाटकावर रांग होती, फोन जमा झाला. संध्याकाळी फोन मिळाला तोवर माल घट्ट झाला होता. आता हातोडा आणि छिन्नीच लागली असती. त्यानं दहा दिवसांची रजा मागितली. तिकडं जाऊन काहीतरी निमित्त काढून आपणच मोरी फोडू, असा त्याचा विचार होता. सुपरवायझर म्हणाला, "इमारत ताब्यात दिली की." म्हणजे अजून पाच महिने.

चार दिवसांनी आईचाच फोन आला. तिनं आधी त्याच्या गुडघ्यांची चौकशी केली, मग आवाज खाली आणला.

"अरे, पाणी उंबऱ्याकडे येतंय बघ. साबणाचं पाणी साचून बुळबुळीत होतं तिथं. पण मी गोणपाट टाकून ठेवलाय चौघडी करून. त्याच्यावरच पाय ठेवते, काठीपण त्याच्यावरच. तू काळजी करू नकोस. आणि तुझ्या दादाला सांगू नको हं. फार दिवसांनी दोन घास जास्त जेवतोय."

म्हणजे आईलाही ठाऊक होतं. बायकोला ठाऊक, आईला ठाऊक, त्याला ठाऊक. ज्याला कळायला हवं तोच तेवढा बाहेर. धाकट्याला रडू आलं, आणि थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला बोला? पाच महिने गोणपाट पुरला तरी भागलं, असं त्यानं स्वतःला समजावलं. रोज संध्याकाळी बायकोला पहिला प्रश्न हाच, गोणपाट टाकलाय ना? ती म्हणायची, टाकलाय हो, अंघोळ झाली की दादांना कळायच्या आत उचलते.

मग बायको दोन दिवस माहेरी गेली.

दुसऱ्या सकाळी धाकटा फाटकावर रांगेत उभा होता. पुढं चारच माणसं. फोनवर दादाचा आवाज आला, रेकॉर्ड करून पाठवलेला. खुशीत होता स्वारीचा आवाज.

"अरे, आई बघ कशी! तुझी बायको माहेरी गेली तेव्हा कळलं मला. मोरीच्या तोंडाशी गोणपाट टाकून ठेवलेला, पायात अडकून मीच पडलो असतो. उचलून फेकला बाहेर. म्हटलं, परदेशात मोठमोठ्या इमारती करणाऱ्या मिस्त्रीनं पास केलीय मोरी, आता भीती कसली? कुरकुरत होती, पण मी तुझं नाव घेतलं तशी गप्प झाली. आत्ताच गेलीय अंघोळीला."

धाकट्यानं फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला. दादा ओट्यावर असणार, फोन आत फळीवर. बायकोचा लावला, तर लागेना. शेजाऱ्यांचा नंबर शोधेपर्यंत रखवालदारानं पिशवी पुढं केली. धाकटा त्याला हातापाया पडून सांगू लागला, आई, बाथरूम, एकच मिनिट. रखवालदाराला त्याची भाषा येत नव्हती. त्यानं फोन शांतपणे काढून घेतला, पिशवीत टाकला, चिठ्ठी लावली आणि पुढच्याला हाक मारली.

सोळाव्या मजल्यावर धाकट्यानं बाथरूमची शेवटची ओळ बसवली. हात आपोआप चालत होते. काम संपलं तेव्हा साडेअकरा वाजले असतील, संध्याकाळ अजून फार लांब होती. त्यानं सवयीनं मगभर पाणी ओतलं आणि गुडघ्यांवर बसून बघत राहिला.

"दादा, ढाळ चुकलाय," तो म्हणाला. मग मोठ्यानं म्हणाला, "दादा, ढाळ चुकलाय रे!"

शेजारच्या बाथरूममधून प्लंबर पाना हातात घेऊन धावत आला. "काय झालं? कुठं चुकलाय?" घाईघाईनं त्यानं बादलीतून मगभर पाणी घेऊन ओतलं आणि वाकून बघितलं. पाणी सरळ जाळीत गेलं. त्यानं आणखी एक मग ओतला.

"बरोबर तर जातंय की," तो म्हणाला.