तीन नंबरचा बेल्टपॅक

मित्रांनो, मी एक जुना बेल्टपॅक आहे. जुना आहे, बिघडलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण ‘जुना’ म्हटलं की लोक पुढचं स्वतःच ठरवून मोकळे होतात.

मी तळहाताएवढा काळा डबा. कार्यक्रमाचं थेट प्रक्षेपण करणारी माणसं मला कमरेच्या पट्ट्याला अडकवतात, हेडफोन जोडतात आणि कितीही गोंगाट असला तरी एकमेकांशी बोलतात. एकाच नेटवर्क वायरीतून मला वीज मिळते आणि त्याच वायरीतून आवाज येतो-जातो. कारखान्यात मला चार वेळा उंचावरून पाडून पाहिलं होतं. चारही वेळा मी बोललो.

जळगावच्या मंडप आणि शूटिंगवाल्या रुपचंदभाऊंनी आम्हा सहा भावंडांना विकत घेतलं. पहिल्या दिवशी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. “या डब्यांनी माझा घसा वाचवला,” असं ते येईल त्याला सांगायचे. भुसावळची गॅदरिंगं, नशिराबादची कीर्तनं, धुळ्याच्या सभा, सगळीकडे आम्ही राबलो.

भाऊंची एकच खोड होती. कार्यक्रम आटोपला की ते वायर अंगठा आणि कोपरावर सपासप गुंडाळायचे. मंडपाच्या धंद्यातली तीस वर्षांची सवय ती. मंडपातली जाडजूड वायर हे सोसत असे, पण माझी वायर नाजूक. तिच्या आतल्या बारीक तारा प्रत्येक वेढ्याला पिळवटायच्या. मला ते दिसत होतं, पण करणार काय? माझ्यातून इतरांचाच आवाज जातो.

गेल्या हिवाळ्यात मी दिपमालाच्या कमरेला आलो. ही धुळ्याची मुलगी. दोन वर्षं भाऊंनी तिला नवरीकडच्या हळदीचं शूटिंग सोडून काही दिलं नव्हतं. शिरपूरजवळच्या कुस्त्यांच्या दंगलीत तिला पहिल्यांदा तीन नंबरचा कॅमेरा मिळाला, अगदी आखाड्याच्या कडेला. सकाळी तिने मला ओढणीने पुसलं. मला ती तेव्हाच आवडली.

दुपारी तीनची कुस्ती रंगात आली. टेबलाशी बसून चित्रं निवडणारे नासीरभाई माझ्यातून म्हणाले, “तीन, डावीकडे सरक. पाय दाखव, पाय!” दिपमाला सरकली, वायर जरा ताणली गेली आणि माझा दिवा विझला. एकदा वीज गेली की मला परत उभं राहायला अर्धं मिनिट लागतं. त्या अर्ध्या मिनिटात नासीरभाई ओरडत राहिले आणि तिच्या कानात शुकशुकाट. तेवढ्यात पैलवान चीत झाला. घरोघरी मोबाइलवर लोकांना पंचाची नुसती पाठ दिसली.

भाऊ तावातावाने आले आणि अहिराणीत कडाडले. “तुले ऐकू येस नही का? आन हाऊ डबा बी गया कामथून! शेवटनी कुस्ती आते दुसरा करी. तुले हळदीनंच काम बरं शे.”

त्यांनी माझ्या पोटावर चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर लिहिलं, ‘बाद’. मित्रांनो, माझा संताप संताप झाला. वर्षानुवर्षं यांची प्रत्येक हाक पोहोचवली, आणि तपासणी नाही की विचारणा नाही, थेट निकाल!

दिपमालाचे डोळे भरले होते, पण ती जागची हलली नाही. “भाऊ, पट्टी मंग लावा. पहिले तुमना डबा माले द्या.”

भाऊंनी कुरकुरत स्वतःचा बेल्टपॅक काढून दिला. तिने तो आपल्या वायरीला जोडून त्यांच्याच कमरेला अडकवला, मला त्यांची वायर जोडली आणि म्हणाली, “आते डावीकडे सरका.” भाऊ सरकले. त्यांचा दिवा विझला. नासीरभाई टेबलावरून हातवारे करत ओरडले, “भाऊ, ऐकत का नाही? कब से बोल रहा हूँ!” भाऊ आपले “हॅलो, हॅलो” करत उभे. माझा दिवा मात्र हिरवागार होता. कॅमेरावाले फिदीफिदी हसले. मीही हसलो असतो.

दिपमालाने वायरीचा पिळवटलेला भाग त्यांच्या हातात दिला. “कोपरवर गुंडाळी गुंडाळी तार तुटनी भाऊ.”

“तीस वरीस मी आसंच गुंडाळी राहिनू,” भाऊ म्हणाले.

“तुम्ही मालक, म्हनीसनच तीस वरीस कोनी बोलनं नही.”

भाऊंनी वायर चाचपली. मग कात्री मागवून त्यांनी तिची दोन्ही टोकं कापून टाकली, पुन्हा कोणी ती वापरू नये म्हणून. स्वतःची वायर माझ्याकडेच राहू दिली आणि “कॅमेरा तुनाच शे,” एवढंच बोलले. माफी काही मागितली नाही. चिकटपट्टीसुद्धा दिपमालानेच ओरबाडून काढली.

पाच वाजता शेवटची कुस्ती लागली. “तीन, तयार?” नासीरभाईंनी विचारलं. तिने माझं बटण दाबलं. “कधीची!” आणि तो धोबीपछाड तिने असा टिपला की पैलवानाच्या पाठीची मातीही मोजून घ्यावी.

तर मित्रांनो, वायर गुंडाळायची तर हातात मोठे गोल वेढे घेत, तिच्या कलाने गुंडाळा. आणि कोणी उत्तर देत नसेल, तर त्याला बहिरा ठरवण्याआधी खुर्चीतून उठा. तुमचा आवाज त्याच्यापर्यंत पोहोचतो का, हे स्वतः चालत जाऊन बघा. नाही जायचं? मग निदान आमच्यावर ओरडू नका.