अर्ध्यावर थांबलेली छाटणी

रासबेरीची छाटणी नीट पार पडली असती, तर जावईबापूंचा मोठा फायदा होता. लग्नाला वर्षं लोटली तरी सासूबाई त्यांना 'पाहुणे' म्हणत, चहाचा कपसुद्धा विसळू देत नसत. एकदाचं घरचं माणूस व्हायचं, एवढाच त्यांचा हिशेब. मित्रांनो, या हिशेबात मला कुणी विचारलं नव्हतं. मी एक जुनी, छाटणीची कात्री आहे.

माझी पाती पोलादी, मुठी लाल. परसातली रासबेरी सासूबाई माझ्याच जोरावर छाटत. काम झालं की मला पुसत, तेलाचं बोट फिरवत आणि शेजारणीला सांगत, "मुलीपेक्षा ही बरी, उलट बोलत नाही." पुढे त्यांचं मनगट मोडलं आणि मी बादलीत पडून गंजले. हात थकला की हत्याराची आठवण कोण ठेवतो?

छाटणीची वेळ आली. जावईबापू स्वतःहून पुढे झाले. सासूबाईंनी पलंगावरूनच बजावलं, "फळ देऊन झालेल्या काड्या बुडातून काढा. यंदाच्या राखा. पुढचं फळ त्यांनाच येतं."

"हो हो," जावईबापू म्हणाले, आणि निम्मं ऐकून बाहेर पडले.

जाड तपकिरी काड्या त्यांना कर्त्या वाटल्या, हिरव्या लवलवीत काड्या उनाड. त्यांनी हिरव्याच कापायला घेतल्या. मी दर कापाला कुरकुरत होते, पण गंजलेल्या कात्रीची कुरकुर कोण मनावर घेतो? निम्मी रांग झाली आणि माझी गंजलेली स्प्रिंग टणकन उडून गवतात गडप झाली. मी मिटले ती उघडेचना.

जावईबापू गुडघ्यांवर रांगत स्प्रिंग शोधत होते, तेव्हा सासूबाई हात गळ्यात बांधून आल्या. त्यांनी हिरवा ढीग पाहिला.

"पाहुणे, म्हातारे ठेवलेत आणि पोरं कापलीत."

"लुकड्या होत्या हो त्या."

"माझी मुलगीही लुकडीच होती. नेलीतच ना?"

मग त्या उरलेल्या रांगेपाशी गेल्या. एकेक हिरवी काडी बोटांनी चाचपली आणि पायरीवर टेकल्या.

"पुरतील एवढ्या. करवत आणा. आता मी दाखवीन तीच काडी."

पुढच्या उन्हाळ्यात निम्म्याच रांगेला फळ आलं, पण टपोरं. कापलेल्या बुडांतूनही नवे कोंब फुटले. रासबेरीचं वाडगं रिकामं झाल्यावर सासूबाई सहज म्हणाल्या, "अहो, तेवढे कप विसळून टाका."

जावईबापूंचे कान लाल झाले. 'पाहुणे' गेलं होतं.

मला नवी स्प्रिंग मिळाली, तेलही मिळतं. मित्रांनो, हत्यार वापरून झालं की पुसून ठेवा. माझ्या गंजाने एकदा निम्मी रांग तारली, म्हणून दर वेळी तारेल असं नाही.

एकूण काय, रासबेरीने निम्म्या काड्या दिल्या, मी स्प्रिंग दिली. जावईबापू मात्र अजून फेडताहेत: रोज, दोन्ही वेळचे कप.